मशीन बंद पडल्यास

बालाघाटातली बिलाची पहिली मशीन मी पेचकस हातात न धरता चालू केली, असं मी अजूनही पानठेल्यावर सांगतो. लोक मान डोलावते. तुमी घरचे लोक, म्हणून तुमाले मधला भाग बी सांगतो. फक्त पानठेल्यापर्यंत जाऊ देऊ नका.

गोष्ट अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यातली. मी गुणाकर, तवा श्रमसाथी ग्राहक भांडारात काउंटरवर होतो. साखर, साबण, तेल, मांजरपाट, असा आमचा माल. समोर मेन रोड अन् मागच्या भिंतीले लागून दुलीचंद सेठची राईस मिल. माहं वय सत्तेचाळीस, पण भांडारात कोणाच्या छत्रीतून पोहे सांडले का कोणाच्या सायकलच्या घंटीत गूळ निंगाला, तर लोक दुसरीकडे पाहतच नव्हते. सरळ माह्याकडे पाहत. अन् खरं सांगतो, एकदाही चुकले नाही.

त्या वर्षी वरच्या ऑफिसानं आमच्यासाठी कम्प्युटर पाठवला. नागपूरचा इंजिनीयर तो मांडीवर घेऊन गोंदियाच्या बसनं आला. एक टीव्हीसारखा डबा, त्यात हिरवे अक्षरं. समोर बटनाची पाटी. बाजूले बिल छापाची मशीन, ती चालली का कोणीतरी पत्र्यावर दाढी करून राह्यलं असं वाटे. इंजिनीयरनं काउंटरच्या कोपऱ्यात तिची जागा केली, चपला बाहेर काढाले लावल्या, म्हणे धूळ हिचा दुश्मन आहे. दोन तास शिकवलं, एक इंग्रजी पुस्तक देल्लं. बंद पडली तर शेवटचं पान पाहा, त्यानंही नाही झालं तर ट्रंककॉल करा, असं बोल्ला अन् तीनची बस पकडून गेला.

मशीनीवर बसवलं सुनंदाबाईले. ही आमची कॅशियर, सहा वर्षांपासून रोजंदारीवर. कमी बोलणारी बाई. कोणी तिले काही सांगितलं का ती "हौ जी" म्हणे अन् आपल्या मनाप्रमाणं करे. वरून हुकूम असा का, तीन महिने मशीन चालवून पाहा, मग साहेब येतीन अन् तपासतीन. मशीन पास झाली तर ऑपरेटरची पक्की जागा, अन् ती सुनंदाबाईची. मशीन नापास झाली तर मशीन परत अन् सुनंदाबाई घरी, काहून का हातानं बिल लिहिणाऱ्याची जागा वरच्या ऑफिसानं आधीच काटून टाकलती. मग बिल कोण बनवन, हे कोणी विचारलं नाही. असे प्रश्न विचाराचे नसते.

आता मॅनेजर. त्र्यंबकराव देवमाणूस. एकच खोड, कागद दिसला का सही करे. माह्या भाचीच्या लग्नाची पत्रिका मी त्याईच्या टेबलावर ठेवली, तर त्याईनं सही केली, गोल शिक्का मारला अन् बाबूनं तिले जावक नंबर बी टाकला. लग्नाले मात्र आले नाही, म्हणे मले कोणी सांगितलंच नाही.

मालाच्या भावाचे बोर्ड मी रंगवत होतो, अक्षर माहं चांगलं, म्हणून त्र्यंबकरावानं पुस्तकाचं शेवटचं पान माह्या हाती देल्लं अन् सांगितलं का याचं मराठीत परिपत्रक बनव, मशीनीच्या वर टांगून देऊ. इंग्रजी माहं बेताचंच, पण पान सोपं होतं, चित्रं होती. बटन चालू आहे का पाहा. पिन बोर्डात बसली का पाहा. मागच्या तारा ढिल्या नाही ना पाहा. तरी नाही झालं तर मशीन बंद करा, तीसपर्यंत मोजा, पुन्हा चालू करा. बस.

आता तुमीच सांगा, तीसपर्यंत मोजताना माणसानं कराचं काय? नुसतं उभं राहाचं? मले ते पान अधुरं वाटलं. मी चौथ्या कलमात एक ओळ वाढवली: "मोजणी सुरू असताना उपस्थित सर्व कर्मचारी व ग्राहकांनी पादत्राणे काढून, उजवा हात डोक्यावर ठेवून, डोळे मिटून शांत उभे राहावे." वर 'मशीन बंद पडल्यास' असं ठळक लिहिलं. वाटलं, त्र्यंबकराव वाचतीन, दोन शिव्या देतीन, अन् चहा पाजतीन.

त्याईनं सही केली.

पाचव्या दिवशी सकाळी अकराले दुलीचंद सेठनं मिल चालू केली. व्होल्टेज झोपलं. मशीनीवरचे हिरवे अक्षरं जागच्या जागी थिजले, कोणतंही बटन दाबा, हालेनात. काउंटरवर पंधरा-वीस लोक. सुनंदाबाईनं वर परिपत्रकाकडे पाह्यलं, एक एक कलम बोट लावून वाचलं, बटन पाह्यलं, पिन पाह्यली, तारा पाह्यल्या, अन् मग लोकाईकडे वळून शांतपणे सांगितलं का चपला काढा, उजवा हात डोक्यावर ठेवा, डोळे मिटा.

मी साखरेच्या पोत्यामागं जाऊन बसलो अन् गमछा तोंडात कोंबला. एका माणसानं काहून म्हणून विचारलं. तिनं गोल शिक्क्याकडे बोट दाखवलं. शिक्का पाहून तो बिचारा डावा हात डोक्यावर ठेवून चुकला, तर बाजूवाल्यानं त्याले सुधरवलं.

मोजाचं काम शेवंताबाईनं आपणहून घेतलं. ही आमची जुनी गिऱ्हाईक, वाटीभर तेल घ्याले आली तरी तासभर राहे. तिले विसापुढची मोजणी येत नव्हती, म्हणून तिनं एकदा वीस मोजले अन् मग पुन्हा पहिल्यापासून दहा. सुनंदाबाईनं बटन दाबलं. मशीन चालू झाली.

चालू होणारच होती. पुस्तकातच लिहिलं होतं. पण ते मले माहीत, लोकाईले थोडीच माहीत! काउंटरवर असा आवाज निंगाला जसा भागवताच्या मांडवात निंगते. शेवंताबाईनं मशीनीले नमस्कार केला.

तेवढ्यात त्र्यंबकराव आपल्या खोलीतून बाहेर आले. काही लोकाईचे हात अजून डोक्यावरच होते. काय चाललं म्हणून त्याईनं विचारलं, सुनंदाबाईनं परिपत्रक दाखवलं. त्र्यंबकरावानं चष्मा लावला अन् आपण सही केलेला कागद नोकरीत पहिल्यांदा वाचला. चौथ्या कलमावर त्याईचे ओठ हालाचे थांबले. मग त्याईनं चष्मा काढला, पुसला, अन् बोल्ले, "हौ. बरोबर आहे." अन् आत गेले.

तिथंच मी कबूल कराले पायजे होतं. नाही केलं. मजा येऊन राह्यलती ना!

मग काय, रोज अकराले मिल चालू, रोज मशीन बंद, रोज तीस मोजणं. शेवंताबाई घड्याळ पाहून येऊ लागली. म्हणे सोमवारपासून माहं डोकं दुखणं बंद आहे. तिनं दोन शेजारणी आणल्या. भरवेलीच्या खदानीतला महागू महिन्याच्या सामानाले आलता, त्यानं कॉलनीत जाऊन सांगितलं, तर पुढच्या आठवड्यात सायकलीवर बसून दहा-बारा जण नुसते पाहाले आले. महागू मले सांगे का त्याईच्या तिकडे एकाची मोटारसायकल दोन महिन्यांपासून उभी होती, घरच्या साऱ्याईनं डोक्यावर हात ठेवून तीस मोजले, अन् पहिल्या किकमधी चालू. मी विचारलं, पेट्रोल टाकलतं का? तो म्हणे, हौ, ते बी टाकलं.

एक दिवस दरवाजात चपलांचा असा ढीग झाला का एक बाई दोन वेगवेगळ्या चपला घालून घरी गेली अन् कोणाचा तरी नवा जोडा गेलाच. तवा मले पहिल्यांदा वाटलं, हे जरा जास्तच होऊन राह्यलं.

अन् तेवढ्यात वरून पत्र आलं. येत्या बुधवारी साहेब येऊन राह्यले. सकाळी साडेअकरा.

ते पत्र सुनंदाबाईनं दोनदा वाचलं अन् घडी करून बटनाच्या पाटीखाली ठेवलं.  त्या दिवशी तिनं डब्याले हात लावला नाही.  साहेबापुढे मशीन बंद पडली, अन् या बाईनं त्याईले डोक्यावर हात ठेवाले सांगितलं, तर सहा वर्षांची नोकरी माह्या एका ओळीनं जाईन. मी गंमती लय केल्या, पण आतापर्यंत कोणाच्या पोटावर पाय नव्हता देल्ला. गूळ घंटीतून धुऊन निंगते.

मी तिच्याकडे गेलो अन् अर्धीमुर्धी कबुली देल्ली. म्हणलं, बाई, ते चौथं कलम एवढं मनावर घेऊ नका, ते जरा असंच आहे. ती बिल फाडता फाडता बोल्ली, "सही आहे ना गुणाभाऊ त्याच्यावर?"

मग मी त्र्यंबकरावाच्या खोलीत गेलो अन् पुरी कबुली देल्ली. वाटलं, उठून मारतीन. ते उठले, दार लावलं, अन् हळूच बोल्ले, "मले त्याच दिवशी समजलं. पण रद्द कराले दुसरं परिपत्रक काढा लागते, गुणाकर. अन् त्यात कारण लिहा लागते. काय लिहू? मी वाचत नाही म्हणून?"

 मग दोघाईनं ठरवलं का परिपत्रकाले हात लावाचा नाही, मशीन बंदच पडू द्याची नाही. रोग मिलचा, तर इलाज मिलवर. मी दुलीचंद सेठकडे गेलो अन् हात जोडले का बुधवारी बारा वाजेपर्यंत मिल चालू करू नका. सेठनं विचार केला. म्हणे करतो, पण मले बी त्या तीस मोजणीत उभं राहू द्या, माही कंबर धरून राह्यली. मी म्हणलं, सेठ, बुधवारी मोजणी होणारच नाही, त्याच्यासाठीच तर आलो. सेठ म्हणे, तरी बी येतो, पाहून घेऊ.

बुधवार आला. ऊन असं का डांबर चपलेले चिकटे. भांडार झाडून-पुसून तयार, त्र्यंबकराव टाय लावून तयार. सुनंदाबाई नव्या लुगड्यात मशीनीसमोर. मिल गप. हिरवे अक्षरं कसे बारीक लुकलुकून राह्यलते. अन् समोर गिऱ्हाईकं बी होती, साहेब येणार म्हणून साऱ्या गावाले तेल संपल्याचं आठवलं होतं. शेवंताबाई पुढे. महागू मागं. दुलीचंद सेठ कंबरेवर हात ठेवून खांबाजवळ.

साहेब आले. जबलपूरकडचे, उंच, सफारी घातलेले, घामानं चिंब. मशीनीजवळच्या खुर्चीवर बसले अन् रुमालानं मान पुसली. त्र्यंबकरावानं मले डोळ्यानं खुणावलं. मी समजलो. मॅनेजरच्या खोलीतला टेबलफॅन उचलून आणला, काउंटरखाली वाकलो. तिथं दोन छिद्राचा बोर्ड, दोन्ही भरलेले. एकात काउंटरवरच्या देवाच्या फोटोचा झिरोचा बल्ब. साहेबापुढे देवाचा दिवा कसा विझवाचा? म्हणून मी दुसऱ्यातली काळी पिन काढली, फॅनची खोसली. हवा सुटली. साहेबाचे केस उडाले, त्याईनं डोळे मिटून "आह" केलं. मले असं वाटलं जसं अर्धी तपासणी माह्यामुळंच पास झाली.

मग साहेब डोळे उघडून म्हणे, चलिए, एक साबुन का बिल बनाइए.

सुनंदाबाईनं पाह्यलं. पडदा काळा. हिरवं काहीच नाही.

मी पहिले दुलीचंद सेठकडे पाह्यलं. सेठ तिथंच उभा. मिलचा आवाज नाही. व्होल्टेज खणखणीत, फॅन तर साऱ्याईत जोरात फिरून राह्यलता. मग झालं काय?  मले वाटलं, ही माह्या ओळीचीच शिक्षा आहे. मशीन रुसली.

साहेबानं विचारलं, क्या हुआ? त्र्यंबकराव टायची गाठ सैल करू लागले. अन् सुनंदाबाई उठली, परिपत्रकाकडे बोट केलं अन् एकदम सरळ आवाजात बोल्ली, "साहब, इसके हिसाब से करना पड़ेगा."

साहेब उठून परिपत्रकाजवळ गेले. मराठी त्याईले पुरती वाचता येत नव्हती, पण सही, शिक्का, जावक नंबर साऱ्या भाषेत सारखेच असते. बाकीचं सुनंदाबाईनं समजावून सांगितलं. साहेब म्हणे, जूते भी? ती म्हणे, जूते भी. साहेबानं त्र्यंबकरावाकडे पाह्यलं, "यह आपका साइन है?" त्र्यंबकरावानं मान तेवढी हालवली.

साहेब वळले तर काय! चाळीस माणसं अनवाणी, हात डोक्यावर, डोळे बंद. दुलीचंद सेठनं तर दोन्ही हात ठेवलते, कंबरेसाठी एक जास्तीचा. त्या साऱ्या गर्दीत उघडे डोळे फक्त साहेबाचे. असं एकट्यानं उभं राहणं सोपं नसते. साहेब म्हणे, "ठीक है. नियम है तो है." खाली वाकले, जोडे काढले. मोज्यातून एक अंगठा बाहेर येऊन पाहून राह्यलता. मग उजवा हात डोक्यावर, अन् डोळे बंद.

शेवंताबाईनं मोजाले सुरुवात केली. त्या दिवशी साहेबाच्या मानासाठी ती असं सावकाश मोजे जसं एक एक आकडा पाखडून टाकून राह्यली. एक. दोन. अकरापर्यंत फॅनची हवा माह्या कानाले लागत होती. मग ती बी बंद झाली. मी मनात म्हणलं, घ्या, लाईट गेली, सारं संपलं. अठरा, एकोणीस, वीस. अन् पुन्हा पहिल्यापासून दहा. मधात कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या, कोणी तरी खाकरलं.

दहा झाले अन् बिलाची मशीन आपोआप खरखरली. डोळे उघडून पाहतो तर पडदा हिरवा, देवाचा बल्ब चालू, सुनंदाबाई आपल्या खुर्चीवर, पदर सावरून. तिनं चार बटनं दाबली, पत्र्यावर दाढी झाली, अन् एका साबणाचं बिल साहेबाच्या हाती आलं. साहेबानं ते पुढून पाह्यलं, मागून पाह्यलं. जोडे घातले. रजिस्टर मागवलं अन् लिहिलं का मशीन व ऑपरेटर दोन्ही समाधानकारक. जाताना दारात थांबून त्र्यंबकरावाले हळूच विचारलं का त्या परिपत्रकाची एक कॉपी मिळन का.

महिन्याभरात सुनंदाबाईचा पक्का हुकूम आला. तिनं साऱ्याईले बालूशाही वाटली. मले देताना ती दोन घ्या म्हणे. तिथं मले राहावलं नाही. म्हणलं, बाई, आता तुमी परमनंट, आता सांगतो. ते चौथ्या कलमातलं हाताचं अन् डोळ्याचं, ते पुस्तकात नव्हतंच. ते मी माह्या मनानं लिहिलतं. मले माफ करा.

ती हासली. तिले एवढं हासताना मी पहिल्यांदा पाह्यलं.

"मले पहिल्याच दिवशी माहीत होतं, गुणाभाऊ. पुस्तक ड्रॉवरातच तर होतं. तुमाले काय वाटलं, मले इंग्रजी वाचता येत नाही?"

मी म्हणलं, मग काहून लोकाईले रोज उभं करत होत्या?

ती म्हणे, मशीन अटकली का पंधरा लोक एकाच वेळेस काउंटरवर हात आपटे, जो तो सांगे हे बटन दाबा, ते दाबा, कोणी तर आत हात घालून स्वतःच दाबे. हात डोक्यावर गेले का काउंटर मोकळा. डोळे बंद झाले का डोकं मोकळं. मग शांतपणं पाहता येते का झालं काय. तुमी तर माह्यावर उपकारच केले.

"अन् बुधवारी?" मी विचारलं. "बुधवारी मिल बी बंद होती. मशीन बंद कशी पडली?"

"तुमी फॅनसाठी पिन नाही का काढली? तीच मशीनीची. मले माहीत होतं, पण साहेबासमोर तुमचं नाव कसं घेऊ? म्हणून तीस मोजाले लावले, खाली बसली, फॅनची काढली, मशीनीची खोसली." तिनं बालूशाहीचा डबा बंद केला. "पण एक समजलं नाही. तुमी तर माह्या बाजूलेच उभे होते. तुमच्या पायाशी बसून मी पिन बदलली, तुमच्या पायाले माह्या हाताचा धक्का बी लागला. तुमी काहून काही बोल्ले नाही?"

मी दुसरी बालूशाही तोंडात टाकली, म्हणजे उत्तर देता येऊ नये.

आता तुमाले काय सांगू? माहे डोळे बंद होते ना.